राजश्री नावाची कुणी नव्हतीच

शोरूमचं शटर वर गेलं आणि फरशी पुसून होते न होते तोच दोन बायका पायऱ्या चढून आत आल्या. पुढची साठीच्या घरातली, नऊवारी नेसलेली, कापडी पिशवी छातीशी धरलेली. मागची तिशीतली, तिची सून असावी. टीव्ही आणि फ्रिजच्या रांगांकडे दोघींनीही ढुंकून पाहिलं नाही.

"हितं कारडाचं कोण बघतं?" म्हातारीनं विचारलं.

सेल्समननं काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं कॉम्प्युटरसमोर भार्गवी आगाशे बसली होती. सहा वर्षं ती सांगलीच्या या शोरूमचे हिशेब बघत होती. रोज माधवनगरहून बसनं यायची. वडील चिंतामण आगाशे गिरणीत कारकून होते. गिरणी बंद पडल्यापासून घर भार्गवीच्याच पगारावर चालत होतं.

"मीच बघते. बसा ना, मावशी."

"बसायला न्हाई आले मी," म्हातारी म्हणाली आणि सुनेकडे वळली. "दे गं ते कागूद."

सुनेनं पर्समधून तीन झेरॉक्स काढून टेबलावर ठेवल्या. तिचं नाव राजेश्वरी जगदाळे. सासू चंद्राबाई. कवठे महांकाळच्या पुढं सात-आठ किलोमीटरवर त्यांचं गाव होतं. राजेश्वरीचा नवरा, मेजर कृष्णात, आसामात होता. गेल्या दिवाळीत तो रजेवर आला तेव्हा आईच्या इन्सुलिनसाठी फ्रिज घ्यायला नवरा-बायको इथं आले होते. भार्गवीला ते आठवलं, कारण पैसे देताना मेजरनं स्वतःचं क्रेडिट कार्ड खिशातच ठेवलं होतं आणि बायकोला म्हणाला होता, "तुझ्या नावाचं कार्ड काढलंय ना? मग सही तू कर." अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तरी सांगलीत कार्डावर खरेदी करणारे मोजकेच होते, आणि त्यात बायका तर नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. राजेश्वरीनं त्या दिवशी सही करायला चांगली दोन मिनिटं घेतली होती.

"त्यानंतर ते कार्ड ट्रंकेत आहे," राजेश्वरी म्हणाली. "एकदाही बाहेर काढलेलं नाही. पण अकरा फेब्रुवारीला पुण्यात त्याच्यावर तीन खरेद्या झाल्यात. एक गॉगल, एक पँटचं कापड, आणि..." ती थांबली.

"बोल की," चंद्राबाई म्हणाल्या. "तू काय चोरी केलीस व्हय?"

"आणि एक पुरुषाचं मनगटी घड्याळ."

बँकेचा कागद मुख्य कार्डवाल्याकडे, म्हणजे आसामात मेजरकडे गेला होता. त्यानं बँकेला लिहिलं, बँकेनं पावत्यांच्या झेरॉक्स पाठवून दिल्या आणि कळवलं की पावत्या सह्यांसकट आहेत, रक्कम भरावी. मेजरनं त्या झेरॉक्स बायकोला धाडल्या. सोबत पत्र. पत्र दोन ओळींचं होतं. राजेश्वरीनं ते दाखवलं नाही, पण चंद्राबाईंना ते तोंडपाठ झालं होतं.

"लिवलंय, पुण्याला कुणाबरोबर गेलीस आन् घड्याळ कुणासाठी घेतलंस, येवढंच कळव. माझ्या पोटचा पोरगा, बाई. त्या दिवशी आमच्यात शाळवाची मळणी चाललीवती. ही सकाळपासनं दिवेलागणीपतुर माझ्यासंगं खळ्यावर. पंधरा माणसं साक्षीला हाईत. पर बँकंला पंधरा माणसं चालत न्हाईत, तिला कागूद लागतो. म्हनून आलोय. ह्या कारडाला तुमच्याबिगर कुनाचा हात लागलेला न्हाई. मग ते पुन्याला गेलं कसं?"

भार्गवीनं झेरॉक्स जवळ ओढल्या. पहिल्याच नजरेत तिला एक गोष्ट कळली. कार्डाची खरी पावती हातानं लिहीत नसतात. कार्ड यंत्रात ठेवायचं, वर कार्बनवाली पावती ठेवायची, आणि दट्ट्या इकडून तिकडे सरकवायचा. कार्डावरची उठावाची अक्षरं पावतीवर उमटतात. या तिन्ही पावत्यांवर नंबर पेननं लिहिलेला होता. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातात कार्ड नव्हतं, फक्त नंबर होता. तिन्ही रकमाही अशा बेतानं बसवलेल्या, की दुकानदाराला बँकेत फोन करून विचारावं लागू नये.

हे ती सांगणारच होती. तेवढ्यात तिची नजर नावावर गेली. नंबरखाली इंग्रजीत लिहिलं होतं, राजश्री के. जगदाळे. सहीसुद्धा राजश्री.

"राजश्री कोण?"

"तेच तर," राजेश्वरी म्हणाली. "आमच्याकडे राजश्री नावाची कुणी नाही. कार्डावर माझं नाव नीट आहे. आमच्या ह्यांना वाटतंय मी कुणा मैत्रिणीला कार्ड दिलं, किंवा मीच मुद्दाम वेगळी सही केली."

भार्गवीनं कॉम्प्युटरवर ग्राहकांची यादी उघडली आणि जगदाळे शोधलं. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. राजश्री के. जगदाळे. पत्ता बरोबर, फ्रिजचं मॉडेल बरोबर, आणि शेवटच्या रकान्यात कार्डाचा पूर्ण नंबर, मुदतीच्या महिन्यासकट. नावातली चूक तिची स्वतःची होती. दिवाळीच्या गर्दीत यादी भराभर टाइप करताना झालेली. ती जगात या एका कॉम्प्युटरशिवाय कुठंच नसायला हवी होती.

"पोरी, तुझं तोंड का उतरलं?" चंद्राबाईंनी विचारलं.

"मावशी, मला दोन-तीन दिवस द्या," भार्गवी म्हणाली. "ताई, हे कागद मी ठेवून घेते. तुमचा पत्ता तुमच्या हातानं मला लिहून द्या. मी तुमच्या घरी येऊन काय ते सांगते."

त्या गेल्यावर तिनं पुन्हा त्या शेवटच्या रकान्याकडे पाहिलं.

तो शेवटचा रकाना मुळात शेऱ्याचा होता. दोन वर्षांपूर्वी अनीश नावाच्या पोरानं शोरूमसाठी हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवून दिलं, तेव्हा त्यात 'जिना अरुंद आहे', 'दुपारी फोन करू नये' असलं काही लिहावं एवढीच कल्पना होती. मग शोरूमचे मालक जयराजदादा यांच्या डोक्यात आलं की कार्डवाल्या ग्राहकांचे नंबर तिथंच टाकून ठेवावेत. वर्षाचा सर्व्हिसिंगचा करार संपला की गिऱ्हाइकाला फोन करायचा, ते हो म्हणालं की घरबसल्या पैसे वळते करून घ्यायचे. भार्गवीनं तेव्हा एकदा विचारलं होतं, "दादा, हे असं लिहून ठेवणं बरं दिसतं का? बँकेनं पावत्यासुद्धा कुलपात ठेवायला सांगितल्यात."

"अगं, कॉम्प्युटर म्हणजे कुलूपच की," जयराजदादा हसत म्हणाले होते. आणि कॉम्प्युटरचं कुलूप म्हणजे पासवर्ड, तो शोरूमच्या नावाची पहिली चार अक्षरं होता आणि गोडाऊनमधल्या हमालालाही ठाऊक होता.

तिनं तेव्हा एकदा विचारलं आणि मग नंबर टाइप केले. एकसष्ट जणांचे. आता ते आठवून तिला दादांइतकाच स्वतःचाही राग आला.

दुपारच्या सुट्टीत ती अनीशच्या क्लासवर गेली. कॉलेज कॉर्नरजवळ एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो कॉम्प्युटरचे वर्ग चालवायचा. दर महिन्याला शोरूममध्ये येऊन दोन-चार फ्लॉप्यांवर सगळ्या हिशेबाची प्रत काढून न्यायचा. कॉम्प्युटर बिघडला तर माहिती जायला नको म्हणून.

"त्या प्रती कुठं असतात?" तिनं विचारलं.

"इथंच कपाटात. का?"

"आणखी कुठं दिल्यास?"

अनीशला प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. "साताऱ्याच्या नानासोंच्या दुकानात टाकलीय एक. त्यांना सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं होतं. रिकामं दाखवलं तर गिऱ्हाइकाला काय कळणार? नावं, बिलं, बाकी, सगळं भरलेलं दिसलं की लगेच पटतं."

"ती आमच्या गिऱ्हाइकांची नावं होती, अनीश."

"मग? फ्रिज कुणी घेतला हे काय गुपित आहे का? खोटी नावं भरत बसायला वेळ कुणाला आहे, ताई?"

"शेऱ्याच्या रकान्यात काय आहे, बघितलंस कधी?"

त्यानं आठवल्यासारखं केलं. "नंबर आहेत कसले तरी."

तो खोटं बोलत नव्हता, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला. त्यानं चोरी केली असती तर त्याला निदान चोर म्हणता आलं असतं. या माणसानं एकसष्ट घरांच्या किल्ल्या उचलून परगावच्या काउंटरवर ठेवल्या होत्या आणि त्या किल्ल्या आहेत हेसुद्धा त्याच्या गावी नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळची एसटी धरून ती साताऱ्याला गेली. कऱ्हाडला गाडी अर्धा तास थांबली तेव्हा ती खालीही उतरली नाही. नानासोंचं दुकान राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पंखे, मिक्सर, शिलाई मशिनं. नानासो सत्तरीचे, धोतर-टोपीतले, गल्ल्यावर बसलेले. कॉम्प्युटर दाराशीच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा मांडलेला होता. दुकानातली दोन पोरं त्यावर कळफलक बडवत शिकत होती.

पडद्यावर मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव होतं. त्यांनी गेल्या वर्षी वॉशिंग मशीन घेतलं होतं. शेजारी त्यांचा नंबर.

भार्गवीनं नानासोंना सगळं सांगितलं. तिचं संपल्यावर ते म्हणाले, "म्हंजी ही खरी मानसं हाईत?"

"हो."

"आन् मला त्यो पोरगा म्हनला, नमुन्याचा माल हाय, पोरांनी ह्येच्यावर हात बसवावा. सा म्हैनं आमी ह्या मानसांची बिलं काढतोय, खोडतोय, पुन्ना काढतोय." ते गल्ल्यावरून उठले, कॉम्प्युटरपाशी गेले आणि भिंतीतलं बटनच बंद केलं. पोरं दचकून बाजूला झाली. "शिकायचं असंल तर शेंगा घेतल्याची बिलं करा. ह्याला हात लावायचा न्हाई."

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं. जानेवारीपर्यंत त्यांच्याकडे एक सेल्समन होता, हुशार, कॉम्प्युटरवर तोच बसायचा. जाताना यादी छापून घेतली होती, सराव करायचाय म्हणाला होता. आता पुण्यात घड्याळाच्या दुकानात कामाला होता. दुकानाचं नाव त्यांना ठाऊक होतं. भार्गवीनं राजेश्वरीची झेरॉक्स पिशवीतून काढली. घड्याळाच्या पावतीवर तेच नाव छापलेलं होतं.

नानासोंनी पेन मागवून हे सगळं वहीच्या कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. "पोलिसात बोलवलं तर मी ईन," ते म्हणाले. "माझ्या दुकानात घडलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भार्गवी जयराजदादांच्या केबिनमध्ये गेली. जयराजदादा वाईट मनाचे नव्हते. घरची ऊसशेती भावाच्या हवाली करून त्यांनी चाळीस बाय साठच्या या शोरूमवर जीव लावला होता, आणि त्यावर ओरखडा उठेल असं काही ऐकून घ्यायची त्यांची तयारी नसे. भार्गवी बोलत असताना ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"किती रुपयांचं प्रकरण आहे हे?"

"अकरा हजारांचं."

"मी देतो. पाकिटात घालून त्या बाईला नेऊन दे. म्हणावं, बँकेत भरा आणि विषय मिटवा."

"तिला पैसे नकोत, दादा. तिच्या नवऱ्यानं विचारलंय घड्याळ कुणासाठी घेतलं."

"ते त्यांच्या घरातलं आहे."

"त्यांच्या घरात ते आपण नेऊन टाकलंय. आणि ती एकटी नाही, असे एकसष्ट जण आहेत. सगळ्यांना पत्रं पाठवायला पाहिजेत. कार्ड रद्द करा, जुने कागद तपासा म्हणून."

पेपरवेट थांबला. "म्हणजे एकसष्ट घरांत मीच कळवायचं की जयराजकडं खरेदी करू नका? उद्या हे गावभर झालं तर शटरला कुलूप लागेल. त्या रकान्यातले नंबर पुसून टाक आणि विसरून जा. अनीशला मी बघतो."

"माझ्यापुरतं मी लिहून दिलं तर? त्या बाईला बँकेत दाखवायला?"

"काय लिहून देणार?"

"की नंबर मी टाइप केला. नाव मी चुकवलं. तेच चुकीचं नाव पुण्याच्या पावतीवर आलंय, म्हणजे नंबर इथूनच गेलाय."

"असला कागद इथून बाहेर गेला तर उद्यापासून यायचं कारण नाही," जयराजदादा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "सहा वर्षं घरच्यासारखं वागवलं तुला."

भार्गवीनं कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. काचेच्या खोलीत येऊन डबा आणि छत्री उचलली. क्षणभर तिच्या मनात आलं की यादीचा एक छापील कागद पिशवीत घालावा आणि घरी बसून एकसष्ट पत्रं आपणच लिहावीत. प्रिंटर चालूच होता. पण लोकांची नावं आणि नंबर त्यांना न विचारता पिशवीत घालून बाहेर नेणं म्हणजे अनीशनं जे केलं तेच. तिनं प्रिंटर बंद केला आणि निघाली. साठ लोक आपापल्या घरी बेफिकीर होते, आणि त्यांना सांगणारा एकच माणूस होता, तो सांगणार नव्हता.

घरी वडिलांनी सगळं ऐकलं. नोकरी गेल्याचंसुद्धा. फक्त विचारलं, "नंबर तू टाइप केलेस?"

"हो."

"मग त्या बाईला तूच जाऊन सांग. चिठ्ठी पाठवू नकोस."

कवठे महांकाळला उतरून ती माणसागणिक भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपनं गावात पोहोचली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. जगदाळ्यांचं घर सिमेंटचं, नवं, समोर द्राक्षाचा मांडव. राजेश्वरीनं पाणी आणलं. भार्गवीनं तांब्याला हात लावायच्या आधी सगळं सांगून टाकलं. रकाना, पासवर्ड, अनीश, सातारा, घड्याळाचं दुकान. स्वतःचं काहीही लपवलं नाही. मग नानासोंचा कागद आणि आपल्या सहीचा कागद पुढं ठेवला.

राजेश्वरीनं दोन्ही वाचले. ती शांत बाई होती, बोलायला लागली तेव्हाही तिचा आवाज वाढला नाही.

"महिना झाला, मी रोज दुपारी पत्र लिहायला बसते. काय लिहू? मी गेले नव्हते, असं लिहिलं की मलाच वाटतं, खरी बाई असं लिहीत बसेल का? फाडून टाकते. गावात पोस्टमनला ठाऊक झालंय की मेजरच्या घरून उत्तर जात नाही. चुलत सासरे परवा विचारत होते, पुण्याला तुझं माहेरचं कोण असतं गं. आणि तिकडं माझ्या नंबरावर दुकानातली पोरं बोटं चालवायला शिकत होती."

"ताई, मी..."

"तुम्ही विचारलं होतंत एकदा मालकाला, म्हणालात. दुसऱ्यांदा का नाही विचारलं?"

राजेश्वरीनं उत्तराची वाट बघितली नाही. तांब्या पुढं सरकवत म्हणाली, "पाणी घ्या. तुम्ही आलात तरी. बाकीच्या साठ जणींकडं कोण जाणार?"

"त्यात पुरुषच जास्त आहेत," भार्गवी म्हणाली, "पण कुणीच जाणार नाही. मालक तयार नाहीत, आणि यादी मी आणलेली नाही."

चंद्राबाई इतका वेळ उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. त्या उठल्या. "उद्या पैल्या गाडीनं सांगली," त्या म्हणाल्या. "तूबी यायचंस, पोरी."

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये त्या शिरल्या त्या थेट मोठ्या टीव्हीसमोरच्या सोफ्यावर जाऊन बसल्या. गिऱ्हाइकांनी बसून टीव्हीचं चित्र पारखावं म्हणून तो सोफा ठेवलेला होता. शेजारी राजेश्वरी. भार्गवी दाराशीच उभी राहिली. पहिलं जोडपं आलं, कूलर बघायला. चंद्राबाईंनी त्यांना जवळ बोलावलं.

"कूलर घ्या, चांगला असंल. आमचा फ्रिज झ्याक चाललाय. पर कारड देऊ नका, रोकड द्या. ह्यांनी माझ्या सुनंचा नंबर साताऱ्याच्या बाजारात मांडला हुता."

जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं आणि "नंतर येतो" म्हणून निघून गेलं. त्यानंतर एक बँकेतले साहेब आले, त्यांना त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, मळणीसकट. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, मालाला नावं ठेवायची नाहीत, फक्त घडलं ते सांगायचं. सेल्समन लांबून बघत उभे होते. उठवावं कुणाला, आणि काय म्हणून?

जयराजदादा बाहेर आले. "आजी, आत या. चहा घेऊ, बोलू."

"च्या प्यायला न्हाई आले मी. आवं मालक, तुमी बोला की हितंच. आमचं लपवायसारखं काय न्हाई."

"मी तुमचे पैसे द्यायला तयार आहे."

"पैसं माझ्या पोराकडं हाईत. तुमी पत्रं धाडा. सगळ्यास्नी."

"ते जमणार नाही."

"बरं," चंद्राबाई म्हणाल्या आणि पिशवीतून भाकरी काढली. "मी हाय हितंच."

दुपारी तीनपर्यंत त्यांनी आठ गिऱ्हाइकांना सांगितलं. त्यातल्या एका वकिलानं जयराजदादांकडे आपलं नाव यादीत आहे का म्हणून विचारणा केली. होतं. तो तिथंच उभा राहून बोलायला लागला आणि त्याचा आवाज मात्र चढला. ग्राहक न्यायालय, पोलीस, वर्तमानपत्र, सगळी नावं निघाली. जयराजदादांनी कपाळाचा घाम पुसला आणि भार्गवीला हाक मारली. "ये. पत्र टाइप कर."

पहिला मसुदा त्यांनीच सांगितला. 'काही तांत्रिक कारणास्तव आपणास विनंती करण्यात येते की...' राजेश्वरी मागं येऊन उभी राहिली होती. तिनं छापलेला कागद वाचला आणि टेबलावरचं पेन उचलून पहिली ओळ खोडली.

"कुठलं तांत्रिक कारण? लिहा, आम्ही तुमच्या कार्डाचा नंबर तुम्हाला न विचारता लिहून ठेवला आणि तो आमच्याकडून बाहेर गेला."

"एवढं उघड?"

"माझ्या नवऱ्यानं मला उघडच विचारलंय," राजेश्वरी म्हणाली.

तसंच लिहिलं गेलं. एकसष्ट पत्रं छापायला संध्याकाळचे सहा वाजले. जयराजदादांनी प्रत्येकावर सही केली, आणि शेवटी शेवटी ते सही करण्याआधी वरचं नाव वाचायला लागले होते. "ह्यांची पोरगी आमच्या पोरीच्या वर्गात आहे," एकदा ते स्वतःशीच म्हणाले. पत्रं पाकिटात गेल्यावर भार्गवीनं तो रकाना आधी रिकामा केला आणि मग सगळ्या फ्लॉप्या मागवून घेऊन कात्रीनं कापल्या. अनीशकडच्यासुद्धा. तो त्या द्यायला स्वतः आला होता.

"सोमवारपासून ये," निघताना जयराजदादा म्हणाले.

"नाही येणार, दादा," ती म्हणाली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की हे म्हणायला काहीच वेळ लागला नाही.

पुढं असं झालं. एकसष्टांपैकी आणखी चौघांच्या कार्डावर खोट्या खरेद्या निघाल्या. मिरजेच्या डॉक्टरीणबाई तर पैसे भरून मोकळ्या होऊन विसरूनही गेल्या होत्या, नवऱ्यानं घेतलं असेल काहीतरी म्हणून. पाच जणांनी मिळून तक्रार दिली. नानासो साताऱ्याहून खरंच आले आणि आपल्या कॉम्प्युटरवरची यादी पुसून टाकल्याचं सांगून, जबाब देऊन गेले. पुण्याच्या घड्याळवाल्यानं सेल्समनला काढून टाकलं आणि आपल्याला यातलं काही ठाऊक नसल्याचं सांगितलं. सेल्समन कुठं गेला त्याचा पत्ता लागला नाही. बँकेनं जूनमध्ये राजेश्वरीच्या तिन्ही रकमा मागं घेतल्या, तेही दोन ओळींचं पत्र पाठवून. त्यात दिलगिरीचा शब्द नव्हता.

मेजरचं पत्र आलं ते आईच्या नावानं. बँकेचं मिटलं, आता विषय संपला, असं त्यात होतं. राजेश्वरीनं त्याला उलट टपालानं एका ओळीत कळवलं, की माझा विषय संपलेला नाही.

ऑगस्टमध्ये तो रजेवर आला. जेवताना, आईसमोर, मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं." राजेश्वरी म्हणाली, "हे लिहून पाठवा. विचारलं होतंत ते लिहूनच, पोस्टमनच्या हातानं." त्याला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. मग तिचं तोंड बघून तो उठला, पुढच्या खोलीत बसून पत्र लिहिलं, आणि चालत जाऊन गावच्या पेटीत टाकलं. ते तालुक्याला जाऊन परत यायला तीन दिवस लागले. तीन दिवस तो घरातच होता. चौथ्या दिवशी पोस्टमननं हाक मारली तेव्हा राजेश्वरीनं बाहेर येऊन, चार माणसांसमोर, पत्र हातात घेतलं. चंद्राबाईंनी हे भार्गवीला सांगितलं तेव्हा त्या हसत नव्हत्या. "पोरगा माझाच," त्या म्हणाल्या, "पर तिचं बराबर हुतं."

भार्गवीनं दोन-तीन लहान दुकानांचे हिशेब घरून करायला घेतले. वर्षाच्या अखेरीस विट्याच्या एका कापडदुकानानं तिला बोलावलं. नवीन सॉफ्टवेअर बसवलंय, म्हणाले, कुणीतरी बघणारं पाहिजे. ती खुर्चीवर बसली आणि पडदा उघडला. अनीशचंच होतं, सुधारलेलं. आता त्यात शेऱ्याच्या आड लपायचीही गरज उरली नव्हती. कार्डाच्या नंबरासाठी वेगळा रकाना होता, त्यापुढं मुदतीचा, आणि वर ठळक अक्षरांत 'नवीन सुविधा'.

तिनं फोन मागितला आणि अनीशला लावला.

"लोकच मागतात, ताई," तो म्हणाला. "मी नाही दिलं तर दुसरा देईल. आणि आता पासवर्ड सहा अक्षरांचा केलाय."

तिनं रिसीव्हर खाली ठेवला. राग तिच्या कानांत सणसणत होता. दुकानाचे मालक समोर हात बांधून उभे होते, काय झालं ते न कळून. भार्गवी खुर्चीवरून उठून बाजूला उभी राहिली.

"शेठ, या रकान्यात तेवीस नंबर आहेत," ती म्हणाली. "आधी ते माझ्यादेखत पुसा. मग मी बसते."

"पण कंपनीवाला म्हणाला..."

"पुसा," भार्गवी म्हणाली. "कसं पुसायचं ते मी सांगते. पहिल्या नावावर या."